एक हार्ड डिस्क, दोन संगणक

शासकीय कार्यालय असो, ग्रामपंचायत असो, शाळा असो की सार्वजनिक वाचनालय असो, संगणकाचा वापर जेथे रुजला आहे तेथे एक दृश्य आज हमखास पाहावयास मिळते. दोन मेजांवर दोन संगणक असतात आणि तळहाताएवढी एक बाह्य हार्ड डिस्क या मेजावरून त्या मेजावर फिरत असते. वर्षानुवर्षांचे जमाखर्च, सभांची इतिवृत्ते, लाभार्थ्यांच्या याद्या, समारंभांची छायाचित्रे आणि जीर्ण दस्तऐवजांच्या स्कॅन केलेल्या प्रती अशी सारी सामग्री तिच्यात साठविलेली असते. कागदांच्या रूपाने ती ठेवू म्हटले तर अभिलेखांची एखादी खोली अपुरी पडावी. अशी ही डिस्क एखाद्या दिवशी नेहमीप्रमाणे दुसऱ्या संगणकास जोडली जाते आणि पडद्यावर सूचना उमटते की, वापरण्यापूर्वी या डिस्कचे फॉरमॅटिंग करणे आवश्यक आहे. सूचनेखाली होकाराचे बटण ठळकपणे दिसत असते.

या सूचनेपुढे गोंधळून जाणाऱ्या कर्मचाऱ्यास डिस्क निकामी झाली असे वाटते. पुष्कळदा ती निकामी झालेली नसते. दोन संगणकांनी मिळून एक डिस्क वापरावयाची तर एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो, तो कोठेतरी मोडलेला असतो. डिस्कवरील नोंदी लिहिण्याचा अधिकार एका वेळी एकाच संगणकाकडे असला पाहिजे, हा तो नियम होय. तो ऐकावयास सोपा आहे; परंतु त्यामागील कारणे ठाऊक नसली की कामाच्या घाईत त्याचा सहज विसर पडतो.

डिस्कवरील नोंदवही

हार्ड डिस्कच्या आत चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या असतात. लहान आकाराच्या बाह्य डिस्कमध्ये त्या सामान्यतः मिनिटास ५४००, म्हणजे सेकंदास ९० फेरे घेतात. त्यांच्या पृष्ठभागाची विभागणी असंख्य लहान कप्प्यांत केलेली असते. एखादी मोठी फाइल सलग जागेत मावेलच असे नाही. ती तुकड्यातुकड्यांनी, जेथे कप्पे रिकामे असतील तेथे ठेवली जाते. कोणत्या फाइलचे तुकडे कोणकोणत्या कप्प्यांत आहेत आणि कोणते कप्पे अद्याप रिकामे आहेत, याची एक नोंदवही त्याच डिस्कवर राखलेली असते. या नोंदवहीच्या पद्धतीस फाइल सिस्टिम असे म्हणतात. नोंदवही बिघडली की सारे तुकडे जागच्या जागी असूनही त्यांचा ठावठिकाणा लागत नाही.

डिस्क जोडली गेली की संगणक या नोंदवहीतील आवश्यक पाने आपल्या स्मृतीत उतरवून घेतो, कारण फिरत्या तबकडीवरून वाचण्यापेक्षा स्मृतीतून वाचणे कित्येक पटींनी जलद असते. पुढील काम तो या प्रतीच्या आधारे करतो. नवीन फाइल आली की आपल्या प्रतीत पाहून रिकामे कप्पे निवडतो आणि बदललेली पाने सवडीने डिस्कवर परत लिहितो. संगणक एकच असेल तर या पद्धतीत काही वावगे नाही.

आता अशी कल्पना करावी की, एखाद्या कार्यालयात जावक नोंदवही एक आहे आणि लिपिक दोन आहेत. सकाळी दोघेही वही उघडून पाहतात, शेवटचा जावक क्रमांक ४१२ आहे हे मनात ठेवून आपापल्या जागी बसतात आणि दिवसभर वहीकडे न पाहता पत्रांवर ४१३, ४१४, ४१५ असे क्रमांक घालीत जातात. सायंकाळी एकाने आपल्या नोंदी वहीत चढविल्या आणि मागाहून आलेल्या दुसऱ्याने त्याच ओळींवर आपल्या नोंदी लिहिल्या. एकाच क्रमांकाची दोन पत्रे निघाली आणि पहिल्या लिपिकाच्या पत्रांची तर नोंदच पुसली गेली. दोघांपैकी कोणीही आपल्या परीने कामात कसूर केलेली नाही. एका डिस्कवर दोन संगणकांनी एकाच वेळी लिहिले तर नेमके असेच होते. दोघेही तोच कप्पा रिकामा समजतात आणि एकाचा जमाखर्च जेथे होता तेथे दुसऱ्याचे छायाचित्र जाऊन बसते. त्या क्षणी पडद्यावर कसलीही तक्रार उमटेलच असे नाही. दोष उघडकीस येतो तो कित्येक दिवसांनी, ती फाइल उघडावयास गेल्यावर.

सुदैवाने नेहमीच्या यूएसबी जोडणीत हा प्रमाद सहजासहजी घडू शकत नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या जोडणीच्या मूळ प्रमाणातच एका बाजूस यजमान संगणक आणि दुसऱ्या बाजूस त्याच्या आज्ञेत चालणारे साधन अशी रचना आहे. एका साधनास दोन यजमान ही गोष्ट तीत बसत नाही. बाजारात संगणकाच्या बाजूस दोन टोके असलेली केबल मिळते. ती पाहून दोन संगणक एकदम जोडता येतील असा काहींचा समज होतो. परंतु त्या दुसऱ्या टोकाचे काम केवळ जादा वीज पुरविण्याचे असते. जुन्या यूएसबी २.० प्रमाणानुसार साधनास ५०० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह मिळावयाचा, आणि काही डिस्कना तो अपुरा पडे, म्हणून ही योजना. दोन संगणकांमध्ये बसवावयाचे बटणाचे स्विचही मिळतात. तेदेखील डिस्क एका वेळी एकाच संगणकास जोडतात. हे बटण दाबणे म्हणजे चालू डिस्कची केबल उपटण्यासारखेच आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

एक डिस्क अनेक संगणकांस खरोखरीच एकदम जोडण्याची विद्या नवी नाही. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम ३६० या मालिकेत तशी सोय होती. एका संगणकाने लिहिण्यापूर्वी डिस्क स्वतःसाठी राखून ठेवावयाची, काम संपताच मोकळी करावयाची आणि तोवर दुसऱ्याने थांबावयाचे, अशी ती व्यवस्था. पुढे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८३ मध्ये जाहीर केलेल्या व्हॅक्सक्लस्टरमध्ये संगणक परस्परांना सतत संदेश पाठवून, कोण काय लिहीत आहे याचा समन्वय राखीत. आजही मोठ्या माहिती केंद्रांतून जीएफएस-२ आणि ओसीएफएस-२ यांसारख्या खास फाइल सिस्टिम हेच कार्य करतात. कार्यालयातील सामान्य डिस्कवरील नोंदवहीत अशा देवघेवीची तरतूदच नसते. लिहिणारा एकच आहे हे गृहीत धरून ती आखलेली असते.

तेव्हा सामान्य कार्यालयापुढे दोन मार्ग उरतात. एक तर डिस्क आळीपाळीने हातोहात द्यावयाची. अथवा ती एका संगणकाकडे कायमची सोपवून दुसऱ्याने त्याच्यामार्फत आपली मागणी भागवावयाची.

दोघांना वाचता येईल अशी नोंदवही

हातोहात देण्याचा मार्ग स्वीकारला तर पहिला प्रश्न उपस्थित होतो तो नोंदवहीच्या पद्धतीचा. जी पद्धत एका संगणकास अवगत आहे ती दुसऱ्यास अवगत असेलच असे नाही. लेखाच्या आरंभी वर्णिलेली सूचना पुष्कळदा याच कारणाने येते. ॲपलच्या मॅक संगणकावर २०१७ पासून रूढ झालेल्या एपीएफएस पद्धतीची डिस्क विंडोजच्या संगणकास जोडली, तर विंडोजला तिच्यावरील एक अक्षरही वाचता येत नाही. जी वही आपणास वाचता येत नाही ती कोरीच असावी, असे समजून तो फॉरमॅटिंगचा सल्ला देतो.

दोन्ही संगणकांवर विंडोज असेल तर एनटीएफएस ही १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेली पद्धत सर्वांत भरवशाची. तिचा मोठा गुण असा की, नोंदवहीत बदल करण्यापूर्वी त्या बदलाचे टिपण ती वेगळे लिहून ठेवते. मध्येच वीज गेली तरी या टिपणाच्या आधारे नोंदवही पूर्वस्थितीवर आणता येते. या पद्धतीत प्रत्येक फाइलबरोबर ती कोणी वाचावी व कोणी बदलावी याचे अधिकारही नोंदलेले असतात. त्यामुळे एका संगणकावरील फोल्डर दुसऱ्यावर उघडताना परवानगी नाकारली जाण्याचा अनुभव येतो. तेथे डिस्क बिघडलेली नसते; पहिल्या संगणकावरील वापरकर्ता दुसऱ्या संगणकाच्या ओळखीचा नसतो, इतकेच. प्रशासकाच्या अधिकाराने त्या फोल्डरची परवानगी बदलून घेतली की काम भागते.

एका मेजावर विंडोज आणि दुसऱ्यावर लिनक्स, मग ते सी-डॅकने विकसित केलेले बॉस असो वा अन्य कोणते, अशी स्थिती असेल तरीही एनटीएफएस चालते. लिनक्सच्या गाभ्यातच २०२१ साली ५.१५ या आवृत्तीपासून एनटीएफएसवर पूर्णपणे लिहिण्याची सोय आली. त्याआधीही स्वतंत्र प्रणालीच्या साहाय्याने ते करता येत असे. मॅक संगणक मात्र एनटीएफएस डिस्क वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. मुद्रणाचे अथवा चित्रफितींचे काम मॅकवर आणि पत्रव्यवहार विंडोजवर, असे जेथे आहे तेथे ही अडचण नित्याची आहे.

अशा ठिकाणी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेली एक्सफॅट ही पद्धत उपयोगी पडते. विंडोज व मॅक या दोहोंस ती वाचता-लिहिता येते, आणि तिचा तपशील २०१९ मध्ये खुला झाल्यापासून लिनक्सनेही ती आपलीशी केली आहे. तिच्याहून जुनी फॅट-३२ पद्धत जवळपास प्रत्येक यंत्रास समजते. तथापि तिच्यात ४ गिगाबाइटहून मोठी फाइल मावत नाही. सभेच्या दीर्घ चित्रमुद्रणाची प्रत करताना, डिस्कवर भरपूर जागा असूनही जागा नसल्याची तक्रार आली, तर कारण बहुधा हेच असते. एक्सफॅटला ही मर्यादा नाही, परंतु एनटीएफएसप्रमाणे बदलांचे टिपण ठेवण्याची सोयही तिच्यात नाही. लिहिणे अर्धवट असताना डिस्क निघाली तर नोंदवही सावरणारे तेथे काही नसते. दोन भिन्न जातींच्या संगणकांत एक्सफॅट वापरणे क्रमप्राप्त असले, तरी तीवर जितका विश्वास ठेवला जातो तितका तो ठेवण्याजोगा नाही.

पद्धत बदलावयाची म्हणजे डिस्कचे फॉरमॅटिंग करावयाचे, आणि त्यात जुनी नोंदवही नाहीशी होते. यास्तव आधी सर्व फाइली अन्यत्र उतरवून घेऊन, त्यांतील काही प्रत्यक्ष उघडून पाहून, मगच हे काम हाती घ्यावे. नवी डिस्क आणल्यावर, ती कोरी असतानाच हा निर्णय घेतला तर पुढील सारा खटाटोप वाचतो. नव्या १ टेराबाइट डिस्कवर विंडोज ९३१ गिगाबाइटच दाखवितो, त्यात विक्रेत्याची लबाडी नसते. उत्पादक हजाराच्या पटीने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीने, एवढाच तो फरक.

हातोहात देताना

वर सांगितल्याप्रमाणे संगणक बदललेली पाने सवडीने लिहितो. पडद्यावर प्रत करण्याची पट्टी पूर्ण झाली म्हणजे सर्व काही तबकडीवर उतरले, असे समजता येत नाही. डिस्क काढण्यापूर्वी विंडोजमध्ये सुरक्षितपणे काढण्याची आज्ञा देणे, मॅकवर इजेक्ट करणे, लिनक्सवर अनमाउंट करणे, यांचा अर्थ हाच की, संगणकास आपल्या मनातील सर्व नोंदी वहीत चढवून वही मिटावयास सांगणे. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ च्या अखेरीपासून, बाह्य डिस्कवरील नोंदी शक्य तो तत्काळ लिहिण्याचे धोरण मूळ स्वरूपातच ठेवण्यात आले आहे. त्यामुळे ही आज्ञा देण्याची आता गरज उरली नाही असे अनेक जण सांगतात. केवळ फाइलींची प्रत करून झाली असेल आणि अन्य काहीही चालू नसेल, तर ते बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु एखादा कार्यक्रम त्या डिस्कवरील फाइल उघडी ठेवून बसला असेल, अथवा विषाणुशोधक तिची तपासणी करीत असेल, तर ते धोरण तारू शकत नाही. शिवाय शेजारचा संगणक जुन्या आवृत्तीचा नाही, याची खातरजमा रोज कोण करतो?

याहून फसवा प्रसंग झोपी गेलेल्या संगणकाचा आहे. दुपारच्या सुटीत पहिला संगणक निद्रावस्थेत जातो, पडदा काळा होतो, आणि तो बंद आहे असे समजून सहकारी डिस्क काढून आपल्या संगणकास लावतो. तीवर काही लिहितो आणि डिस्क परत जागेवर ठेवतो. झोपेतून उठलेल्या पहिल्या संगणकाच्या स्मृतीत सकाळचीच नोंदवही असू शकते. तो तिच्या आधारे लिहू लागला की जावक वहीतील दोन लिपिकांचा प्रकार येथे यूएसबीवरही घडतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून बंद करतानाही त्याची काही अवस्था डिस्कवर गोठवून ठेवण्याची जी सोय आहे, तिच्यामुळे बंद केलेला संगणकही पुरता बंद नसतो. याच कारणास्तव, विंडोजने सोडून न दिलेली एनटीएफएस डिस्क लिनक्सला जोडली असता लिनक्स कधीकधी तीवर लिहिण्यास नकार देतो. तो नकार म्हणजे दोष नसून सावधगिरी होय, आणि जबरदस्तीने लिहावयास लावण्याचे जे उपाय सुचविले जातात ते करू नयेत. डिस्क पुन्हा विंडोजला जोडावी, तेथे रीतसर सोडवावी आणि मग आणावी.

किनारपट्टीवर पावसाळ्यात विजेचा खेळखंडोबा नित्याचा असतो. मेजावरील संगणकास यूपीएस नसेल, तर मोठ्या प्रती करण्याचे काम अशा दिवसांत लॅपटॉपवर करणे बरे. फिरत्या तबकडीवर वाचन-लेखनाचे शीर्ष अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. केसाची जाडी त्याच्या हजारो पट असते. त्यामुळे डिस्क चालू असताना ती उचलून दुसऱ्या मेजावर नेणे, किंवा केबल ताणली जाऊन ती खाली पडणे, हे नोंदवहीच्या बिघाडापेक्षाही वाईट. आज्ञा दिल्यावर तबकडी थांबेपर्यंत काही क्षण थांबूनच डिस्क हलवावी. एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारे भाग नसल्याने धक्क्याचे भय कमी असते. नोंदवहीविषयीचे सर्व नियम मात्र तिलाही जसेच्या तसे लागू आहेत.

राखणदार संगणक

दोन्ही संगणक एकाच खोलीत असतील आणि दोघांनाही डिस्क दिवसभर लागत असेल, तर हातोहात देण्यापेक्षा दुसरा मार्ग निःसंशय चांगला. डिस्क एका संगणकास जोडून ठेवावयाची आणि तिच्यावरील ठराविक फोल्डर कार्यालयातील जाळ्यावर सामाईक करावयाचे. दुसरा संगणक मग डिस्कच्या नोंदवहीस हात लावीत नाही. त्याला हवी असलेली फाइल तो नावाने मागतो. कोणता कप्पा कोठे आहे हे राखणदार संगणकच पाहतो. जावक वही एकाच लिपिकाच्या ताब्यात देऊन इतरांनी त्याच्याकडून क्रमांक मागून घ्यावेत, तशी ही व्यवस्था आहे.

या व्यवस्थेचा एक लाभ सहसा लक्षात येत नाही. डिस्क एनटीएफएस पद्धतीची आणि दुसरा संगणक मॅक असला, तरी मॅकला तीवर लिहिता येते, कारण प्रत्यक्ष लिहिणारा विंडोजच असतो. हातोहात देण्याच्या मार्गात डोकेदुखी ठरणारा पद्धतीचा प्रश्न येथे उरतच नाही. ज्या भाषेत हे संगणक परस्परांशी बोलतात ती एसएमबी या नावाने ओळखली जाते. तिचा उगम १९८० च्या दशकाच्या आरंभी आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाउम यांच्या कामात आहे. आणि ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी सुरू केलेल्या सांबा या मुक्त प्रणालीमुळे ती लिनक्स व युनिक्स संगणकांवरही वापरता येऊ लागली.

वेगाची शंका घेतली जाते, ती तारेच्या जाळ्याबाबत अनाठायी आहे. सेकंदास १ गिगाबिट वाहून नेणारी तार सेकंदास सुमारे १२५ मेगाबाइटपर्यंत मजल मारू शकते, आणि फिरत्या तबकडीची लहान डिस्क याच्या आसपासच चालते. वाय-फायवर वेग पुष्कळ घटतो. लेखी फाइलींना तो पुरतो, चित्रफितींच्या संपादनाला पुरत नाही.

एकच फाइल दोघांनी एकदम उघडली तर काय, हा प्रश्न येथेही राहतो. वर्ड अथवा एक्सेलची फाइल एकाने उघडली असेल तर दुसऱ्यास ती केवळ वाचण्यापुरती मिळते आणि तशी सूचनाही येते. सर्वच कार्यक्रम इतके शिष्टाचारी नसतात. साधा मजकूर किंवा छायाचित्रे हाताळणारे अनेक कार्यक्रम फाइल उघडून सोडून देतात, आणि जो मागाहून जतन करील त्याचेच काम टिकते. त्यामुळे कोणते फोल्डर कोणी लिहावयाचे, याची वाटणी कार्यालयाने आपसात ठरवून घ्यावी. दुसऱ्या संगणकास काही फोल्डर केवळ वाचण्यापुरते देण्याची सोय आहेच. जुन्या अभिलेखांच्या स्कॅन प्रती तरी अशाच द्याव्यात.

राखणदार संगणक कामाच्या वेळात चालू राहिला पाहिजे. त्याची निद्रा बंद करून ठेवावी. फोल्डर सर्वांस खुले न करता प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावाने व संकेतशब्दाने द्यावे. एसएमबीची पहिली, जुनाट आवृत्ती जुन्या यंत्रासाठी पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रणालीने जगभर जो उत्पात केला, तो त्याच आवृत्तीतील छिद्रातून. काही राउटरना यूएसबी डिस्क जोडण्याची जागा असते. तेथे राउटरच राखणदार होतो आणि कोणताही संगणक चालू ठेवावा लागत नाही. सोय मोठी आहे. वेग मात्र बेताचा मिळतो, आणि राउटरचा मूळचा संकेतशब्द बदलण्याचे राहून गेले असेल तर डिस्कही उघड्यावर पडते. ज्या कार्यालयांत बाह्य साधने जोडण्यास वा फोल्डर सामाईक करण्यास नियमाने मनाई आहे, तेथे अर्थातच संगणक विभागाच्या अनुमतीखेरीज यांतील काहीही करू नये.

मराठी फाइलींची अडचण

डिस्क बरोबर पोहोचली, फाइलही उघडली, आणि पडद्यावर अगम्य चिन्हांची रांगोळी दिसली, असा अनुभव मराठीत काम करणाऱ्यांस चांगलाच परिचित आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी टंकलिखित केलेला मजकूर इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेल्या फाँटवर अवलंबून असतो. डिस्क फाइल नेते, फाँट नेत नाही. अशा जुन्या फाइलींबरोबर तो फाँटही त्याच फोल्डरमध्ये ठेवावा, आणि सवड काढून मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

युनिकोडमध्येही एक सूक्ष्म खोच आहे. वऱ्हाड, कुऱ्हाड, दऱ्या या शब्दांतील ‘ऱ’ हे अक्षर दोन प्रकारांनी साठविता येते. एका सांकेतिक क्रमांकाने, अथवा ‘र’ आणि त्याखालील नुक्ता अशा दोन क्रमांकांनी. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात. परंतु फाइलीच्या नावात एका संगणकाने एक आणि दुसऱ्याने दुसरा प्रकार वापरला, तर एनटीएफएस व एक्सफॅट या पद्धती ती दोन निराळी नावे मानतात. परिणामी एकाच फोल्डरमध्ये हुबेहूब एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात, आणि शोध घेतला असता त्यांपैकी एखादी सापडतच नाही. दोन भिन्न जातींच्या संगणकांत फिरणाऱ्या फाइलींच्या नावांत हे अक्षर टाळणे, किंवा नावाच्या आरंभी दिनांक व क्रमांक घालणे सोयीचे होते.

एकुलती एक प्रत

डिस्क दोन संगणकांत फिरते म्हणजे माहिती दोन ठिकाणी आहे, असा एक भ्रम यातून नकळत निर्माण होतो. वस्तुतः दोघांचीही माहिती एकाच ठिकाणी आलेली असते. डिस्क बसमध्ये विसरली, पडली, किंवा एका संगणकातील खंडणीखोर विषाणूने तिच्यावरील फाइली कुलूपबंद केल्या, तर दोन्ही मेजांचे काम एकदम जाते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला संकेत असा की, महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी असावी. लहान कार्यालयास एवढे जमले नाही, तरी आणखी एक डिस्क घेऊन दर आठवड्यास तीवर प्रत करावी आणि एरवी ती कोणत्याही संगणकास न जोडता कपाटात कुलुपात ठेवावी. तिची किंमत एखाद्या वर्षाचे इतिवृत्त पुन्हा जमविण्याच्या श्रमांपुढे नगण्य आहे. नागरिकांची वैयक्तिक माहिती असलेली डिस्क कार्यालयाबाहेर न्यावयाची असल्यास तिला बिटलॉकरसारखे सांकेतिक कुलूप घालावे. त्याची पुनर्प्राप्तीची किल्ली कागदावर उतरवून स्वतंत्र ठेवावी, आणि अशी डिस्क मॅकवर सरळ उघडणार नाही हेही आधीच जाणून असावे.

फॉरमॅटिंगची सूचना आल्यास

इतकी दक्षता घेऊनही ती सूचना आलीच, तर नकाराचे बटण दाबावे आणि डिस्क ज्या संगणकावर शेवटची चालली होती त्यास जोडून पाहावी. तेथे ती उघडली तर प्रश्न केवळ पद्धतीचा आहे; फाइली उतरवून घेऊन मग पुढचा विचार करावा. दोन्हीकडे उघडत नसेल तर केबल व जोडणीची जागा बदलून पाहावी. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर ती तत्काळ बंद करून जाणकाराकडे सोपवावी. पुन्हा पुन्हा चालवून पाहण्याने तबकडीवर ओरखडे वाढतात. आवाज नसेल, तरीही दुरुस्तीच्या आज्ञा घाईने देऊ नयेत, कारण त्या नोंदवहीतच फेरफार करतात. प्रथम संपूर्ण डिस्कची कप्प्यामागून कप्पा अशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी; डीडीरेस्क्यू ही मुक्त प्रणाली याच कामासाठी आहे. दुरुस्तीचे सारे प्रयोग त्या प्रतीवर करावेत.

अनवधानाने होकाराचे बटण दाबले गेले असले तरीही सर्व काही संपलेले नसते. झटपट प्रकारच्या फॉरमॅटिंगमध्ये फिरत्या तबकडीवर केवळ नवी कोरी नोंदवही लिहिली जाते, जुने तुकडे कप्प्यांत पडून असतात. विंडोज व्हिस्टापासूनचे पूर्ण फॉरमॅटिंग मात्र प्रत्येक कप्प्यात शून्ये लिहीत जाते. ते चालू झाले असेल तर तेथेच थांबवावे. यानंतर त्या डिस्कवर एक अक्षरही लिहू नये. टेस्टडिस्क या प्रणालीने कधीकधी जुनी नोंदवही परत मिळते. न मिळाल्यास तिच्याच सोबत येणारी फोटोरेक ही प्रणाली कप्पे चाचपून फाइली गोळा करते. परंतु नोंदवही नाहीशी झालेली असल्याने त्या फाइलींना नावे नसतात, केवळ क्रमांक असतात, आणि कोणती फाइल कोणत्या फोल्डरमधील हेही कळत नाही. मग एकेक फाइल उघडून, ती कोणत्या सालातील कोणत्या प्रकरणाची ते ओळखून, तिला पुन्हा नाव देण्याचे काम कर्मचाऱ्यांनाच बसून करावे लागते.